घागर कोणी भरायची?

वैशाख शुद्ध तृतीयेच्या सकाळी वर्धा जिल्ह्यातील घराघरांत कुंभाराकडची कोरी घागर येते. ती धुऊन, पाण्याने भरून पितरांच्या नावाने मांडली जाते. वर डांगर किंवा आंबा ठेवला जातो आणि पत्रावळीवर पुरणपोळीचा नैवेद्य वाढला जातो. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात. अशा दिवसांत गेलेल्या माणसाची आठवण झाली की मनात पहिला विचार येतो तो त्याच्या तहानेचा. अक्षय तृतीयेच्या विधीमागील सारे तत्त्वज्ञान या एका विचारात सामावलेले आहे. शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी मात्र या दिवसाची ओळख सोनेखरेदीचा मुहूर्त एवढीच ठेवली आहे, आणि त्याबद्दल सराफांना दोष देऊन भागणार नाही.

या घागरीपासून सुरू होणारे ऋतुचक्र पुढे पावसाळ्याबरोबर सरकते. श्रावण अमावस्येला पोळा येतो. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातील गवळाऊ जातीचे पांढरे, चपळ बैल एकेकाळी दूरवर नावाजलेले होते. त्या जातीच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे शासकीय प्रक्षेत्र उभे राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळले जातात, दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या रंगतात, आणि त्यानंतरच्या दिवशी लाकडी बैल घेऊन लहान मुले निघतात. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा शंभर वर्षांहून जुना असून त्यातील अजस्र लाकडी बैल पाहायला दूरदूरची माणसे येतात. दारी ठेवलेले पळसाचे मेढे रोगराईसह गावाच्या शिवेबाहेर टाकले जातात. ट्रॅक्टरने बैलजोड्या घटल्या, तरी हे सारे चालू आहे. पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी पितृपक्ष लागतो.

या चक्राला नवे मृतही सामावून घेता येतात, हे आष्टी गावाने दाखवून दिले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेला जमाव आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी निघाला आणि गोळीबारात गावकऱ्यांनी प्राण दिले. आष्टीने हा दिवस तिथीशी जोडला. नागपंचमी आली की तेथे हुतात्म्यांचे स्मरण होते. पौनारला धाम नदीच्या काठीही असेच घडले. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी तेथे गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित झाला आणि त्या दिवसाचा मेळा रूढ झाला. कोणत्याही स्मृतिग्रंथात या दोन श्राद्धांचा उल्लेख नाही. लोकांनी ती आपणहून स्वीकारली.

नेमक्या अशाच चक्राचा शोध आज युरोप-अमेरिकेतील हजारो माणसे घेत आहेत. इंग्लंडमधील चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी मलायातील निवृत्त सरकारी अधिकारी जेरल्ड गार्डनर यांनी आधुनिक चेटूकपंथावर पुस्तक लिहिले; तोच पंथ पुढे ‘विक्का’ म्हणून पसरला. ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आलेल्या धर्माचे आपण वारस आहोत, असा त्यांचा दावा होता. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये साधार दाखविले की ही अखंड परंपरा नव्हे, ती विसाव्या शतकातील नवी रचना आहे. संक्रांती, संपात आणि त्यांच्या मधले दिवस मिळून आठ सणांचे त्यांचे वर्षचक्रही १९५०च्या दशकातच आकाराला आले. त्यातील ३१ ऑक्टोबरचा ‘साविन’ हा मृतांच्या स्मरणाचा सण. सुगी संपलेली, थंडी दाराशी आलेली. अशा रात्री काही घरांत गेलेल्या माणसासाठी ताट वाढून सारे कुटुंब न बोलता जेवते. ऑस्ट्रेलियातील पेगन मंडळी हाच सण एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी करतात, कारण तेथे शरद ऋतू तेव्हा असतो. तारखेपेक्षा ऋतू मोठा, हे त्यांना उमगले आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला.

या मंडळींची थट्टा करणे सोपे आहे, आणि आपल्याकडील काही स्तंभलेखकांनी ती केलीही. परंतु ज्याच्या घरातील घागर कित्येक शतकांपूर्वी फोडली गेली, त्याने खापऱ्या जुळवायला बसावे यात हसण्यासारखे काही नाही. लिथुआनिया हा युरोपातील सर्वांत उशिरा, १३८७ मध्ये ख्रिस्ती झालेला देश. तेथे ‘रोमुवा’ या नावाने जुन्या बाल्टिक परंपरेचे पुनरुज्जीवन झाले. सोव्हिएत राजवटीने ते दडपले, स्वतंत्र देशाच्या संसदेनेही मान्यता नाकारली. मानवाधिकारांच्या युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ च्या डिसेंबरात संसदेने अखेर मान्यता दिली. जगातील प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांची एक आंतरराष्ट्रीय परिषद २००९ मध्ये नागपूरला, म्हणजे वर्ध्याच्या शेजारीच भरली होती. अशा परंपरांचे आणि आपले नाते जुळते ते येथे: निसर्ग पूज्य, पूर्वज जवळचे.

अमेरिकेतील एक घटना मात्र आपल्याला अस्वस्थ करणारी आहे. सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडले जाऊन एक अमेरिकन सैनिक मारला गेला. तो विक्कापंथी होता. त्याच्या स्मृतिफलकावर त्याच्या पंथाचे चिन्ह, म्हणजे वर्तुळातील पंचकोनी तारा, कोरण्यास सरकारी खात्याने मान्यता दिली नव्हती. त्याच्या विधवेने हा प्रश्न धसास लावला, प्रकरण न्यायालयात गेले आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने ते चिन्ह मान्य चिन्हांच्या यादीत घातले. पतीच्या मृत्यूला मान मिळवून देण्याचा पहिला अधिकार आपला आहे, याबद्दल त्या स्त्रीला शंका नव्हती आणि तिच्या समाजालाही नव्हती.

वर्धा जिल्ह्यातील विधवेला हा अधिकार आहे काय? २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कपाशीच्या शेतात कीटकनाशक प्यायलेल्या माणसाचा मृत्यू आधी पंचनाम्यात येतो, मग मदतीच्या समितीपुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो. जमीन नावावर नसेल, कर्ज सावकाराकडून तोंडी घेतलेले असेल, तर तो बहुधा अपात्र. घरी आल्यावर त्याच्या पत्नीचीही अशीच छाननी होते. शेत तीच कसते, बँकेच्या चकरा तीच मारते, मुलांची फी तीच भरते; परंतु अक्षय तृतीयेला घागरीची पूजा दीर करतो, नाहीतर सहा-सात वर्षांच्या पोराचा हात धरून उरकली जाते. पोळ्याला बैलांना ओवाळायला तिला पुढे बोलावत नाहीत. हळदीकुंकवाचे तर बोलायलाच नको. पितृपक्षात सौभाग्यवती मृत झालेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी ही स्वतंत्र तिथी राखून ठेवणाऱ्या समाजात जिवंत विधवेसाठी राखलेला असा एकही मानाचा दिवस नाही.

हे सारे शास्त्र म्हणून सांगितले जाते, तेव्हा शास्त्रच उघडून पाहावे. आत्मघात करणाऱ्याला मनुस्मृतीने उदकदान नाकारले, हे खरे. पण पुढच्या निबंधकारांनी त्यावर नारायणबलीचा उपाय ठेवला, कारण कोणीही कायमचा तहानलेला राहावा हे त्यांना पटले नाही. पुत्र नसलेल्या भीष्मांना माघ शुद्ध अष्टमीला कोणीही पाणी द्यावे, अशी सोय आहे. तर्पणात निर्वंशांसाठी आणि आप्त नसलेल्यांसाठीही ओंजळ सोडतात. श्राद्धाच्या अधिकाऱ्यांची जी यादी धर्मग्रंथ देतात, तीत पुत्रपौत्रांनंतर पत्नीचे नाव येते. दिराची पाळी तिच्या नंतरची. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्री पुरोहित तयार केले, त्यांच्या हातून श्राद्धेही होतात. पौनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठीच. तेव्हा आडवे येते आहे ते शास्त्र नसून गावाची सवय आहे. ती मोडता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने परिपत्रक काढून तो इतर गावांपुढे ठेवला.

या सवयीची एक काळी कडा आहे, तीही झाकून ठेवण्याजोगी नाही. इंग्लंड-अमेरिकेतील तरुणी स्वतःला अभिमानाने ‘चेटकीण’ म्हणवून घेते. विदर्भात तो शब्द एकट्या बाईच्या माथी मारला जातो. गुरे दगावली, लेकरू तापाने फणफणले की करणीचा संशय जातो तो बहुतेकदा वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या विधवेवर, विशेषतः तिच्या नावावर दोन एकर असतील तर. युरोपने ज्या काळात अशा स्त्रिया जाळल्या त्याची आठवण आपण आवर्जून काढतो. मग २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुणावर करणीचा आळ घेणे हा गुन्हा ठरविला, तेव्हा त्याला धर्मावरील आघात समजणाऱ्यांनी नेमके कोणाचे रक्षण चालविले होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारायला हवा होता. पितरांना पाणी देणे ही परंपरा. त्या बाईला दगड मारणे हे पाप. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून मिरविता येणार नाहीत.

कार्यकर्ते गावोगाव जातात, घरी जेवतात, सणावारांना हजर असतात. ज्या घरातील कर्ता शेतकरी गेला, तेथे वर्षश्राद्धाला चार माणसे गेली आणि पिंडापुढे बसायला त्याच्या पत्नीला सांगितले गेले, तर गावात दोन दिवस कुजबुज होईल. तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या भावाची चर्चा सुरू होईल.

अक्षय तृतीयेची घागर कुंभाराकडून बहुधा घरातील बाईच आणते. बोटांनी वाजवून ती पारखते, डोक्यावरून वाहून नेते, पाणीही तीच शेंदते. पाट मांडला गेला आणि पूजेची वेळ झाली, की ती मागे सरते आणि दाराच्या चौकटीपाशी उभी राहते.