बेसिनखालचे पाइप लपवा, पण हाताशी राहू द्या

नव्या टाइल्स लागल्या, आरसा लागला, बेसिनही मनासारखं मिळालं. तरी बाथरूमचं दार उघडलं की नजर जाते ती बेसिनखाली लोंबणाऱ्या पाइपवर. मोठ्या बाथरूममध्ये तो कोपऱ्यात खपून जातो. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये मात्र कमोडवर बसलेल्याच्या तो अगदी डोळ्यांसमोर असतो. तो झाकावासा वाटणं साहजिक आहे. पण सुतार किंवा प्लंबर बोलावण्याआधी एकदा खाली वाकून तिथे काय काय आहे ते नीट पाहा.

बेसिनच्या भोकाखाली वेस्ट कपलिंग असतं. त्याला जोडलेला बाटलीसारखा भाग म्हणजे बॉटल ट्रॅप आणि त्यातून निघतो तो वेस्ट पाइप. बाजूला नळाला पाणी देणारे एक किंवा दोन अँगल कॉक. यातला बॉटल ट्रॅप महत्त्वाचा. त्याच्या तळाशी थोडं पाणी कायम साठून राहतं आणि ते ड्रेनेजचा वास नि झुरळं वर येऊ देत नाही. केस, साबणाचा चिकटा, हातातून सुटलेली कानातल्याची फिरकी, सगळं तिथेच अडकतं. म्हणून तर त्याचं खालचं झाकण फिरवून उघडता येतं. काही महिन्यांनी हे झाकण उघडून साफ करावंच लागतं, आणि बहुतेक घरांत ते काम कोणाच्या वाट्याला येतं हे मी सांगायला नको. त्यामुळे पाइप झाकण्याचा कोणताही उपाय निवडताना एकच प्रश्न विचारा. प्लंबरला न बोलावता माझा हात त्या झाकणापर्यंत आणि अँगल कॉकपर्यंत पोहोचेल का?

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे पाइप भिंतीत जातो की जमिनीत. आपल्याकडच्या कितीतरी फ्लॅटमध्ये सुरळ्या असलेला पांढरा फ्लेक्सिबल पाइप सरळ जमिनीच्या जाळीत सोडलेला असतो. त्या सुरळ्यांत मळ साठतो आणि तोच पाइप मध्येच झोळ खाऊन बसतो. तो झाकून ठेवायचा विचारसुद्धा करू नका. आधी तो काढून गुळगुळीत पीव्हीसी पाइप लावून घ्या. जाळीत पाइपपुरतंच भोक असेल आणि कडेला फट नसेल, तर दिसायला अर्धा पसारा इथेच कमी होतो.

पाइप जमिनीत जात असेल, तर हाफ पेडस्टल घेऊ नका. तो दिसतो छान, जमीनही मोकळी राहते, पण पाइप भिंतीत जात असेल तरच त्याचा उपयोग. नाहीतर पेडस्टलखालून पाइपचं टोक डोकावत राहतं. पूर्ण पेडस्टल जमिनीपर्यंतचा पाइप झाकतो. मात्र पेडस्टलच्या मागच्या खाचेत मळ बसतो आणि पोछा तिथे पोहोचत नाही. तो घ्यायचाच असेल, तर बेसिनचं वजन भिंतीतल्या बोल्टवर असू द्या. पेडस्टल खाली व्हाइट सिमेंटने पक्का करण्याऐवजी सिलिकॉनने चिकटवा, म्हणजे वेळ आली तर कापून बाजूला करता येतो.

सगळ्यांना आवडतं ते कॅबिनेट, आणि फसगतही तिथेच जास्त होते. आपलं बाथरूम ओलं असतं. बादली, मग, फरशीवर पाणी ओतून धुणं, सगळं त्याच चार फुटांत. पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं कॅबिनेट इथे टिकत नाही. कडेने पाणी शिरतं, बोर्ड फुगतो आणि दार बसेनासं होतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हे फारच लवकर दिसतं. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं घ्या. प्लायवुडच हवं असेल, तर बीडब्ल्यूपी ग्रेडचं घ्या आणि कापलेली प्रत्येक कड सील झाली आहे ना, ते स्वतः बघा. कॅबिनेट भिंतीला टांगलेलं आणि जमिनीपासून आठ-दहा इंच वर असावं. मागची फळी लावू नका. कुठे पाणी ठिबकलं तर भिंतीवर लगेच दिसतं आणि हवाही खेळते. खाली उरलेल्या पाइपवर स्टीलचं नळीसारखं कव्हर चढवलं की तोही खटकत नाही. एक साधी गोष्ट बरेच जण विसरतात. बाथरूमचं दार आत उघडत असेल, तर ते कॅबिनेटला आपटेल का, हे जमिनीवर खडूने आखून आधीच पाहा.

भाड्याच्या घरात राहत असाल, बंगळुरूला असो की इंदूरला, भिंतीला ड्रिल लावण्याचा प्रश्नच येत नाही. डिपॉझिट मोठं असतं. अशा वेळी बेसिनच्या खालच्या कडेला वेल्क्रोची पट्टी लावून त्यावर लवकर वाळणाऱ्या कापडाचा छोटा पडदा लावा. काढून धुता येतो, घर सोडताना पट्टीसकट निघतो. बोअरवेलचं जड पाणी असेल, तर महिन्यातून एकदा पडद्यामागे हात घालून अँगल कॉक बंद-चालू करा. क्षार साचून ते जाम झाले, तर नेमकं पाणी बंद करायच्या घाईच्या वेळी फिरत नाहीत.

भिंत फोडून पाइप आत घालण्याचा सल्ला नूतनीकरणाच्या व्हिडिओंत सर्रास मिळतो. फ्लॅटमध्ये मला तो धोक्याचा वाटतो. चार इंची विटेच्या भिंतीत वेस्ट पाइपसाठी खाच पाडली की भिंतीत फारसं काही उरत नाही, आणि आरसीसी कॉलमला तर छिन्नी लावायचीच नाही. आतला जोड गळला, तर तुम्हाला कळण्याआधी खालच्यांच्या छताला ओल दिसते. मग टाइल्स फोडा, सोसायटीत वाद घाला, आणि तशाच टाइल्स बाजारात शोधत फिरा. संपूर्ण बाथरूम नव्याने होत असेल आणि सोसायटीची परवानगी असेल, तरच हे करा. पाइपला उतार द्या आणि तो पाण्याने भरून एक दिवस तपासल्याशिवाय टाइल्स लावू देऊ नका. बॉटल ट्रॅप तेव्हाही बाहेरच राहू द्या.

आणि न लपवणं हाही एक उपाय आहेच. क्रोम केलेला पितळी बॉटल ट्रॅप आणि तसाच सरळ पाइप लावला, तर बेसिनखालची जागा मोकळी आणि नीटनेटकी दिसते. तो प्लास्टिकच्या ट्रॅपपेक्षा बराच महाग पडतो, पण कॅबिनेटच्या खर्चापुढे काहीच नाही. अगदी लहान बाथरूममध्ये मी हाच निवडेन.

काहीही बसवलंत तरी प्लंबर जाण्याआधी बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला, तर जोड पुन्हा घट्ट करून घ्या, आणि पैसे त्यानंतरच द्या.