गोल्फवाल्यांची कंबर आणि आपली

खरं सांगते मैत्रिणींनो, गोल्फ या खेळाशी माझा काडीचाही संबंध नव्हता. जुन्या सिनेमातला श्रीमंत बाप हिरवळीवर उभा राहून काठीने चेंडू टोलवतो आणि टोलवता टोलवता नायकाला दम देतो, एवढंच माझं गोल्फचं ज्ञान. त्यात थोडी भर पडली ती ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक पदकासाठी खेळत होती. खेळाचे नियम कळत नसतानाही कितीतरी बायका त्या दिवशी चहाचं आधण ठेवून टीव्हीसमोर बसल्या होत्या. अवघ्या एका फटक्याने तिचं पदक हुकलं, चौथी आली पोर. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं आणि सकाळची हुरहुर झाकली गेली.

माझ्या मनात मात्र राहिली ती अदितीची आई. चारही दिवस आईच तिची कॅडी होती. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची बॅग सांभाळत संपूर्ण मैदानभर तिच्यासोबत चालणारी व्यक्ती. बॅगेत नियमाप्रमाणे १४ पर्यंत काठ्या, आणि एका फेरीत १८ होल. मला वाटलं, लेकीच्या पाठीची काळजी घ्यायला सारं जग आहे, पण हिच्या पाठीची?

हा प्रश्न मी तिथेच विसरले असते. पण पुढे माझीच पाठ बोलू लागली.

झालं असं की ओल्या कपड्यांची बादली उचलली आणि जागच्या जागी वळले, तशी कमरेत अशी उसण भरली की बादली तिथेच आदळली. मग घरोघरी होतं तेच झालं. बाम चोळला, शेक घेतला, मेडिकलमधून पट्टा आणला, गोळ्या घेतल्या. 'वय झालं आता,' असं सगळ्यांनी समजावलं. वय वर्षे त्रेचाळीस! पाच-सहा महिने असेच काढल्यावर डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली.

आमच्या जिल्ह्याच्या गावी एक तरुण मुलगी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. तिथे माझ्या शेजारच्या चटईवर एक निवृत्त लष्करी अधिकारी असायचे. सत्तरीच्या आसपासचे, ताठ. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला काय झालंय?" तर म्हणाले, "कंबर, ताई. गोल्फमुळे." आणि गंमत म्हणजे तिने आम्हा दोघांना व्यायाम जवळजवळ तेच दिले होते. त्यांना काठी फिरवायची होती आणि मला बादली उचलायची होती, एवढाच काय तो फरक.

मी त्या मुलीला विचारलं, अगं, चेंडूला काठी मारण्यात कंबरेचा काय संबंध? तिने छान समजावलं. गोल्फचा फटका दीड सेकंदात आटोपतो. पण त्याची ताकद हातातून येत नाही, ती पायांपासून उठते आणि खुबे, कंबर, खांदे असं करत काठीपर्यंत पोचते. आपल्या कंबरेचे मणके पुढे-मागे वाकण्यासाठी चांगले, पण पीळ घ्यायला फारसे बनलेलेच नाहीत. वळायचं काम खुब्यांनी आणि पाठीच्या वरच्या भागाने करायचं असतं. खुबे आखडलेले असतील, पोटाचे स्नायू ढिले असतील, तर तो सगळा पीळ कंबरेवर येतो. म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये कंबरदुखी ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार.

"काकू, पोट म्हणजे एक डबा समजा," ती म्हणाली. "वरचं झाकण म्हणजे श्वासाचा पडदा. बूड म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, मागे पाठीचे. याला आम्ही कोअर म्हणतो. चारही बाजू धड असल्या तर डबा वजन पेलतो. एक बाजू चेपली की कलंडतो."

मी लगेच आपला ठेवणीतला मुद्दा काढला. म्हटलं, अगं, आम्ही दिवसभर कामच करतो की! केर-फरशी, धुणं, पाणी, दळण. आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?

ती हसली आणि साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली, "हेही चार-चार तास खेळतातच की!"

मैत्रिणींनो, त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. गोल्फ खेळणारा एकाच बाजूला, एकाच पद्धतीने हजारो वेळा वळतो. त्यामुळे ठरावीक स्नायू राबून थकतात आणि बाकीचे झोपून राहतात. म्हणून खेळाव्यतिरिक्त तो वेगळा व्यायाम करतो. आपलं काय वेगळं आहे? कळशी नेहमी त्याच कमरेवर, मूलही त्याच कमरेवर. केर काढताना वाकणं त्याच बाजूला. म्हणजे काम हा व्यायाम नव्हे, काम हा आपला 'खेळ' आहे. आणि तो झेपावा म्हणून शरीर तयार करावं लागतं. जे खेळाडूला कळतं, ते आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

टायगर वुड्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गोल्फमधला जगातला सर्वांत नावाजलेला खेळाडू. २०१४ ते २०१७ या काळात त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या वेळी तर दोन मणके एकमेकांना जोडावे लागले. त्यातून तो उठला आणि एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकला. पुढेही त्याच्या पाठीने त्याला सुखाने बसू दिलेलं नाही, पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्रेचाळीस! ज्या वयात मला 'वय झालं' म्हणून सांगितलं गेलं, त्याच वयात त्याच्या कंबरेसाठी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, व्यायाम शिकवणारे सगळे राबत होते. आणि मी आठवड्यातून दोनदा एसटीने दवाखान्यात जायला लागले, तर चौथ्याच खेपेला घरून प्रश्न आला, "अजून किती दिवस जायचंय?"

मी त्या प्रश्नाने खचले आणि जाणं थांबवलं. दुखणं थोडं कमी झालंच होतं, उगाच पैसे कशाला, असं माझं मलाच वाटलं. दोन महिन्यांत पुन्हा उसण भरली. दोष घरच्यांचा जितका, तितकाच माझा. स्वतःच्या शरीरावर केलेला खर्च आपल्यालाच चैन वाटते. मुलाच्या क्लासची फी भरताना हात थांबत नाही, स्वतःच्या कंबरेसाठी मात्र थांबतो.

आणखी एक गोष्ट, जी आपण एकमेकींतही कुजबुजतच बोलतो. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा एक मैत्रीण मागे थांबली. खोकला आला, शिंक आली, खळखळून हसलं की लघवीचे थेंब जातात, म्हणाली. धाकटा मुलगा नववीत आहे, म्हणजे इतकी वर्षं ती लग्नकार्यात हसायलाही घाबरत होती. हा त्या डब्याच्या बुडाचा प्रश्न. बाळंतपणात ते स्नायू ताणले जातात, पोटाचेही ताणले जातात. आपल्याकडे बाळंतिणीला शेकशेगडी होते, डिंकाचे-अळिवाचे लाडू होतात, पोट बांधतात. हे सगळं मायेचं, पण ताणलेले स्नायू पुन्हा कामाला कसे लावायचे हे कोणीच शिकवत नाही. ते शिकवणंही फिजिओथेरपीतच येतं. आणि बऱ्याच जणींना त्याने नक्की फरक पडतो.

माझं स्पष्ट मत आहे, की बाळंतिणीला दवाखान्यातून घरी सोडताना बाळाच्या लसीचं कार्ड देतात, तशी दहा मिनिटं बसवून तिला हे व्यायामही शिकवावेत. सरकारी असो की खाजगी. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असावा, ही मागणी आपण महिला मंडळांनी लावून धरावी. रस्ता आणि पाणी मागतो, तसंच हेही मागायचं.

तोवर घरी काय करता येईल? मला शिकवलेले तीन साधे प्रकार सांगते. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर हळू वर उचलायची, आपलं सेतुबंधासन. दुसरा, ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, मग उलट. तिसरा, कुशीवर झोपून कोपर आणि दुमडलेल्या गुडघ्यावर भार देत कंबर उचलायची. श्वास रोखायचा नाही, प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद. आणि वजन घेऊन वळताना पावलं वळवायची, कमरेला पीळ द्यायचा नाही. पायात मुंग्या, बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, पडून मार लागला असेल, तर मात्र व्यायाम नव्हे, आधी डॉक्टर. नुकतंच बाळंतपण किंवा सिझेरियन झालं असेल, तरी विचारूनच. पट्टा दुखऱ्या दिवसांत आधार देतो, पण स्नायूंचं काम तो करू शकत नाही.

आता आमच्या गटात हिशोबाची वही उघडण्याआधी दहा मिनिटं चटया पडतात. सुरुवातीला हसून हसून पुरेवाट झाली. आता दोघी-तिघी वेळेआधी येऊन बसतात. ती मागे थांबलेली मैत्रीण जिल्ह्याच्या गावी दाखवून आली आणि पुढच्या रांगेत असते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "दिवसभर काम करतेस, तुला कशाला हवा व्यायाम?" तर चिडू नका. एवढंच सांगा, की गोल्फवालाही दिवसभर खेळतोच की!