दिवस कापलात, पैसे कोण देणार?

मंडळी, आज जरा प्रोजेक्ट प्लॅनिंगवर बोलायचंय. विषय कंटाळवाणा आहे हे मान्य, पण आपले शनिवार-रविवार ज्याच्यापायी जातात तो हाच. तेव्हा पाच मिनिटं काढाच.

क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे सीपीएम, आपल्या ऑफिसांत सगळ्यांना 'येते'. येते म्हणजे काय, तर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये लाल पट्ट्या कशा काढायच्या ते माहीत असतं, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये त्या लाल पट्टीच्या मालकाला उभं करायचं असतं. माझं स्पष्ट मत आहे की या पद्धतीतला सोयीचा अर्धा भाग आपण उचललाय आणि महागाचा अर्धा सोडून दिलाय.

साधं उदाहरण घ्या. डिझाइन ५ दिवस. ते झालं की एपीआय १० दिवस आणि स्क्रीन ८ दिवस, दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळी माणसं. सर्व्हर मागवून उभा करायला पहिल्या दिवसापासून १२ दिवस. हे सगळं जमलं की इंटिग्रेशन ४ आणि मग टेस्टिंग ६. सगळ्यात लांब साखळी डिझाइन, एपीआय, इंटिग्रेशन, टेस्टिंग अशी, एकूण २५ दिवस. हाच क्रिटिकल पाथ. स्क्रीनवाल्याकडे २ दिवसांचा फ्लोट, सर्व्हरवाल्याकडे ३. तेवढा उशीर झाला तरी शेवटची तारीख हलत नाही.

आता साहेब येतात. क्लायंटला २० दिवस सांगून आलेले असतात. शेवटच्या कामाला 'मस्ट फिनिश ऑन' लावून तारीख ठोकली की फ्लोट दिसतो उणे ५. बिचारं सॉफ्टवेअर खरं बोलतंय हो! पण त्यावर उपाय काय होतो? एपीआय १० चे ८ करा, टेस्टिंग ६ चे ३. झालं, २० दिवसांत बसलं. चहा मागवा.

पण झालं काय ते बघा. स्क्रीनवाल्याचा फ्लोट गेला, तोही आता क्रिटिकल. सर्व्हरवाल्याकडे उरला १ दिवस. एपीआय आणि स्क्रीन प्रत्येकी वेळेवर होण्याची शक्यता अगदी ८० टक्के धरली, तरी दोन्ही वेळेवर होण्याची शक्यता ६४ टक्के. इंटिग्रेशन अजून पुढेच आहे! म्हणजे पाच दिवस नुसते कमी झाले नाहीत, चुकायला जी जागा होती तीही गेली. तक्ता मात्र आधीपेक्षा सुंदर दिसतो.

गंमत अशी की ज्यांनी ही पद्धत बांधली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली या दोघांनी कारखान्यांच्या बांधकामासाठी सीपीएम तयार केली. त्यात प्रत्येक कामाला दोन मुदती होत्या, नेहमीची आणि घाईची, आणि दोन्हींपुढे खर्च लिहिलेला. दिवस कमी करता येतो, जरूर करा, पण त्याचा भाव आधी मांडा. मग सगळ्यात स्वस्त पडणारा दिवस कुठला ते गणित सांगेल. मूळ मुद्दाच तो होता.

आपल्याकडे तो खर्चाचा रकाना गायब आहे. दिवस फुकटात कापला जातो. खरं तर फुकट काहीच नसतं, बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर फाटतं. एपीआयवाला पोरगा रात्री अकराची शेवटची बस चुकवतो, टेस्टिंगवाली रविवारी येते, आणि उरलेल्या तीन दिवसांच्या टेस्टिंगमधून सुटलेले बग क्लायंटच्या गिऱ्हाईकाला सापडतात. आणि वर रिपोर्टमध्ये काय लिहायचं? 'एस्टिमेट चुकलं.' अहो, एस्टिमेट १० होतं. ८ कुणी लिहिलं?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "बाजार थांबत नाही, तारीख हलत नाही." कबूल. वायटूकेच्या वेळी ३१ डिसेंबर १९९९ कुणाच्या बापाला हलवता आली नसती. पण तारीख हलत नसेल तर काम कमी करा, नाहीतर पैसे जास्त मोजा. दोन स्क्रीन पुढच्या रिलीजला ढकला. तयार घटक विकत घ्या. हे निर्णय साहेबांच्या अखत्यारीतले आहेत, पोरांच्या नाहीत. ते घ्यायचे नाहीत आणि नुसते आकडे खोडायचे, याला प्लॅनिंग म्हणत नाहीत, याला वसुली म्हणतात.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. तक्त्यात एक रकाना वाढवा. ज्या कामाचे दिवस कापले त्याच्यापुढे मूळ आकडा, नवा आकडा, त्याबदल्यात काय दिलं आणि कापणाऱ्याची सही. जिथे 'काय दिलं' कोरं असेल तिथे मूळ आकडाच धरायचा.

बघा तुमच्या ऑफिसात मांडून. सही करायला किती जण पुढे येतात ते मलाही कळवा :)