वाक्यपृथक्करणाचा वनवास

इंग्रजीच्या अध्यापनाविषयी हल्ली विद्वानांत एक मत फार रूढ होऊन बसले आहे. ते असे की, व्याकरण शिकविल्याने भाषा येत नाही. मूल आईच्या मांडीवर मराठी शिकते तेव्हा काही कर्ता, कर्म, क्रियापद घोकीत बसत नाही. तद्वतच इंग्रजीही कानांवर पडता पडता आपोआप यावी. हे मत ऐकावयास गोड आहे, शिक्षकाचे श्रम वाचविणारे आहे, आणि पुण्यामुंबईच्या काही घरांपुरते ते खरेही असेल. परंतु परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या सहवासात आयुष्याचा मोठा भाग घालविल्यावर या मताची जी फळे आम्हांस दिसली, ती पाहता हे मत गरिबाच्या मुलाच्या मुळावर आले आहे, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

कानांवर पडावयाची ती इंग्रजी पालम, सोनपेठ किंवा जिंतूरच्या मुलाच्या कानांवर पडणार कोठून? घरी मराठी, शिवारात मराठी, मोंढ्यात मराठी. कोठे उर्दू, कोठे बंजारा बोली. इंग्रजी म्हणून जी काही त्याच्या वाट्याला येते, ती दिवसाच्या एका तासिकेत, आणि तीही बहुधा फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यापुरती. २००० साली महाराष्ट्र सरकारने इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू केली. वर्षे चारांनी वाढली. परंतु महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याची वाक्य उलगडण्याची शक्ती त्या मानाने वाढली, असे आमच्या अनुभवास आलेले नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

एक नित्याचा अनुभव सांगतो. आम्ही फळ्यावर एक साधे वाक्य लिहितो: ‘द फार्मर हू सोल्ड हिज कॉटन इन नोव्हेंबर लॉस्ट मनी.’ यातला एकही शब्द वर्गाला अपरिचित नसतो. कापूस तर यांच्या घरचाच! तरी अर्थ विचारला की उत्तर येते, ‘शेतकऱ्याने नोव्हेंबरमध्ये कापूस विकला.’ आणि ‘लॉस्ट मनी’ हे दोन शब्द कोठे गेले? ते अधांतरी लोंबकळत राहतात. कोणी धीट विद्यार्थी ‘नोव्हेंबरमध्ये पैसे हरवले’ असे सांगून मोकळा होतो. सर्व शब्द ठाऊक आणि वाक्य मात्र अगम्य, ही अवस्था शब्दसंग्रह वाढवून कशी सुटणार? येथे उणीव आहे ती एकाच गोष्टीची. मुख्य क्रियापद कोणते, त्याचा कर्ता कोण, आणि मधे शिरलेले गौण वाक्य कोठून कोठपर्यंत, हे ओळखण्याची. यालाच आमच्या लहानपणी वाक्यपृथक्करण म्हणत.

हा दोष मुलांच्या बुद्धीचा नाही, हे आम्ही निक्षून सांगू इच्छितो. मराठी हा आशय कसा मांडते पहा: ‘ज्या शेतकऱ्याने नोव्हेंबरमध्ये कापूस विकला, त्याला तोटा झाला.’ मराठीत गौण वाक्य आधी येते, ‘ज्या’ने त्याचे दार उघडते, ‘त्याला’ने मुख्य वाक्याचे दार उघडते, वाचक ठेचाळत नाही. इंग्रजीत तेच गौण वाक्य कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखे बसते. शिवाय मराठीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी विश्रांती घेते, इंग्रजीचे कर्त्यापाठोपाठ येते. म्हणून आमचा विद्यार्थी पहिले क्रियापद भेटताच वाक्य संपले असे समजतो. हा फरक कोणी एकदा शांतपणे, मराठीतून, दोन्ही वाक्ये शेजारी मांडून दाखविला, तर तासाभरात उजेड पडतो. तो आम्ही पडताना पाहिला आहे.

याहूनही मोठा घोटाळा प्रयोगाचा. मराठीच्या तासाला मुलगा शिकतो की, ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पेरू खाल्ले. इंग्रजीच्या तासाला त्याला सांगण्यात येते की, कर्मणी म्हणजे ‘पॅसिव्ह व्हॉइस’. झाले! आता ‘राम एट अ मँगो’ हे त्याच वाक्याचे सरळ भाषांतर असून ते इंग्रजीत ‘ॲक्टिव्ह’ आहे, याचा मेळ त्याने कसा घालावा? मराठीचा कर्मणी हा क्रियापदाच्या रूपाचा प्रश्न आहे. इंग्रजीचा ‘पॅसिव्ह’ हा कर्त्याला बाजूस सारून कर्माला पुढे आणण्याचा प्रकार आहे. नाव एक, वस्तू दोन. ‘मला भूक लागली’ यात व्याकरणाचा कर्ता ‘भूक’, तर इंग्रजीत कर्त्याच्या जागी ‘आय’. एक शिक्षक उत्तरेस ओढतो, दुसरा दक्षिणेस, आणि मधल्यामधे विद्यार्थ्याचे वस्त्र फाटते. दोन्ही शिक्षक एकाच खोलीत चहा घेतात. पण या गोष्टीवर त्यांचे कधी बोलणे होत नाही!

वस्तुतः आपल्याकडे या विचाराची परंपरा नाही असे नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले ते इंग्रजी व्याकरणाची धाटणी समोर ठेवून; १९११ साली मोरो केशव दामल्यांनी आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात त्या परंपरेची कसून झडती घेतली. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने तर कित्येक पिढ्यांना मराठीच्या काठीने इंग्रजीची नदी पार करविली. या पद्धतीतून निघालेली इंग्रजी पुस्तकी असे, बोलताना अडखळे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु ती वाचता येत असे, हेही मान्य करावयास हवे.

आता व्याकरणाच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. व्याकरण बदनाम झाले ते त्याच्या शत्रूंपेक्षा त्याच्या पुजाऱ्यांमुळे. नामाची व्याख्या तोंडपाठ, आठ शब्दजातींची यादी तोंडपाठ. परंतु समोरच्या वाक्यातले क्रियापद दाखीव म्हटले की विद्यार्थी छताकडे पाहतो. ‘टू’ काढा आणि ‘सो-दॅट’ घाला, ‘बाय’ दिसला की ‘पॅसिव्ह’ समजा, असल्या गारुडी युक्त्यांना आम्ही व्याकरण म्हणू लागलो. परीक्षेत गुण मिळाले, अर्थ मात्र हातचा गेला. अशा अध्यापनाला कोणी निरुपयोगी म्हटले, तर त्यात नवल ते काय? परंतु पाणी गढूळ झाले म्हणून विहीर बुजविण्याची तोड मात्र अजब होय.

प्रतिपक्षाचे विद्वान संशोधनाचा दाखला देतात. यॉर्क विद्यापीठातील मंडळींनी २००४ साली अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन, वाक्यरचनेचे व्याकरण शिकविल्याने मुलांचे लेखन सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. हे खरे आहे, आणि आम्ही ते लपवीत नाही. परंतु तो आढावा मुख्यतः ज्या मुलांची भाषाच इंग्रजी, अशा मुलांविषयीचा आहे. ज्याला पोहता येते त्याला पाण्याचे शास्त्र सांगून वेग वाढत नाही, यावरून बुडणाऱ्याला हात देऊ नये असे सिद्ध होते काय? खुद्द इंग्लंडने २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात व्याकरणाला पुन्हा मानाचे पान दिले. दुसरा दाखला एन. एस. प्रभूंचा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत त्यांनी असे दाखविण्याचा यत्न केला की, मुलाचे लक्ष अर्थावर खिळले असता भाषेचे रूप नकळत आत्मसात होते. प्रयोग मोठा होता, आणि त्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु प्रभूंनी व्याकरण बाजूस ठेवले, तेव्हा त्या जागी वेळापत्रके, नकाशे, हिशेब अशी बुद्धीला कस लावणारी कोडी ठेविली होती. आपण त्यांच्याकडून काय उचलले? व्याकरण काढून टाकणे तेवढे उचलले, आणि कोडी तेथेच राहिली! जागा रिकामी पडली; तीत ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्यांनी दुकाने थाटली.

या दुकानांतून विद्यार्थी काय घेऊन येतो? ‘हाऊ आर यू’ आणि ‘आय ॲम फाइन’. एवढ्यावर जगात निभाव लागत नाही. समजा, विम्याच्या कागदात लिहिले आहे की, अमुक मुदतीत सूचना दिल्याखेरीज भरपाई मिळणार नाही. इंग्रजीत हे ‘अनलेस’ या एका शब्दावर तोललेले असते. हा शब्द ज्याला उलगडत नाही, तो ‘भरपाई मिळणार नाही’ एवढेच वाचून घरी बसतो, किंवा ‘मिळणार’ एवढेच वाचून निर्धास्त राहतो. न्यायालयाचा निकाल, कर्जाचा करार, औषधाच्या डब्यावरची सूचना, कृषिविद्येचे पुस्तक, यांत अट आणि अपवाद हेच सर्वस्व असते. आणि अट व अपवाद गौण वाक्यांतच दडलेले असतात. सुखवस्तू घरच्या मुलाला ते सांगणारा काका किंवा वकील असतो. इतरांना फक्त त्यांचे शिक्षण असते. त्यांच्या हातून हे एक साधन काढून घेणे आणि त्याला सुधारणा म्हणणे, याला आम्ही क्रूरता म्हणतो.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. व्याख्या कमी करा, वाक्ये वाढवा. रोज एकच लांब वाक्य घ्या. क्रियापदे शोधा, प्रत्येकाचा कर्ता विचारा, गौण वाक्याला कंस घाला, आणि तेच वाक्य चांगल्या मराठीत लिहा. इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारणे हे पाप समजू नका. आणि मराठीच्या शिक्षकाने व इंग्रजीच्या शिक्षकाने प्रयोगाचा पाठ वर्षातून एकदा तरी एकत्र बसून ठरवावा. याला सरकारी ठराव नको, अनुदान नको, यंत्र नको. खडू पुरेसा आहे.

ज्याला वाक्य सोडविता येते, त्याला कोणी शब्दांनी सहज फसवू शकत नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या जिल्ह्यातील मुलांना एवढे सामर्थ्य देणे आमच्या शक्तीबाहेरचे आहे, असे कोणी शिक्षक म्हणेल, तर त्याने आधी आपल्याच वाक्याचा कर्ता कोण, हे तपासून पाहावे.