चार वाजताची कॉफी आणि हरवलेली तरतरी

बेंगळुरूत दुपारी चारच्या सुमाराला कुठल्याही दर्शिनीसमोर पाहा. बँकेतले कर्मचारी, शाळेतून परतणाऱ्या शिक्षिका, कॉम्प्युटर कंपन्यांतली तरुण मंडळी, भाजीची पिशवी सांभाळणाऱ्या गृहिणी, सगळेच हातात गरम पेला घेऊन उभे असतात. 'बाय-टू' म्हटले की एक कॉफी दोघांत वाटून येते. दोन घोट पोटात गेले की उतरलेले चेहरे खुलतात. इथे स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत चहाची जागा फिल्टर कॉफीने कधी घेतली, हे त्या घरच्यांनाही सांगता येणार नाही.

पण ही तरतरी येते कुठून? दूध-साखर सोडली तर कॉफीत शक्ती देणारे जवळजवळ काही नसते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि 'आता विश्रांती घे' असा निरोप देत राहते. कॅफीन त्या निरोपाची वाट अडवते. थकवा तिथेच असतो, फक्त आपल्याला जाणवत नाही. शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कॉफीचा निम्मा अंमल रात्री नऊलाही शिल्लक! झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन घेतले तरी झोप तासाभराहून अधिक कमी होते, असे 2013 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसले. अपुऱ्या झोपेने सकाळी चिडचिड, त्यावर पुन्हा कॉफी. रविवारी उशिरा उठल्यावर डोके ठणकते, तेही अनेकदा नेहमीच्या वेळी कॉफी न मिळाल्यामुळेच.

कॉफीपूड घेताना दुकानदार 'चिकोरी किती?' असे विचारतो. चिकोरी जास्त म्हणजे कॉफी कडक, असा अनेकींचा समज असतो. चिकोरीत कॅफीन अजिबात नसते. ती रंग, दाटपणा आणि कडवटपणा देते. खरा फरक बियांत आहे. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते.

इथवर ठीक. रोज दोन पेले कॉफी पिऊन कुणाचे बिघडत नाही. प्रश्न आहे तो कॉफीखाली झाकल्या जाणाऱ्या थकव्याचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे. लोह कमी पडणे हे तिचे एक मोठे कारण. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, कशात मन लागत नाही, मुलांवर उगाच ओरडले जाते, क्वचित खडू किंवा माती खावीशी वाटते. घरचे म्हणतात, 'हिचा स्वभावच चिडका झालाय.' आणि ती बिचारी आणखी एक कॉफी करून घेते.

नेमकी इथेच गोम आहे. जयनगरमध्ये पहिले 'कॅफे दर्शिनी' 1983 साली सुरू झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी परदेशात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मांसाच्या जेवणाबरोबर कॉफी घेतल्यास अंगी लागणारे लोह 39 टक्क्यांनी घटले, चहाने तर 64 टक्क्यांनी. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही, पण तासाभराने घेतलेल्या कॉफीने तेवढेच नुकसान केले. आता आपली पद्धत आठवा: इडली-वडा संपतो न संपतो तोच कॉफी! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2024 च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले. नंतरचे अंतर दोन तासांचे ठेवले तर अधिक बरे. ज्यांच्या रक्तात लोह भरपूर आहे त्यांना याची फारशी काळजी नको.

संस्थेच्या शिफारशीप्रमाणे स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवे, पुरुषाला 19. खारा भात आणि केसरी भात मिळून होणारा 'चौ चौ भात' जिभेला कितीही आवडो, रवा, तूप आणि साखरेतून ही गरज भागणार नाही. त्यापेक्षा गावाकडून आलेली इथली माणसे खातात ती रागी मुद्दे बरी. रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असते, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. मात्र धान्यातले सगळे लोह अंगी लागत नाही. नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याची आजीची रीत इथे उपयोगी पडते. मोड आल्याने लोहाला अडवून ठेवणारी द्रव्ये कमी होतात. वर लिंबू पिळले की आणखी फायदा. भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी लिंबाशिवाय होत नाही, चित्रान्नही नाही. पालेभाजीचे मस्सोप्पू करावे आणि ताटात लिंबाची फोड ठेवावी. थंडीत बाजारात अवरेकाई, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा, ढिगाने येतात. तेव्हा डाळीला एक दिवस सुट्टी द्यायला हरकत नाही.

कमतरता खरोखरच असेल, तर नुसत्या आहाराने ती लवकर भरून निघत नाही. महिनाभर थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते 12 च्या खाली असणे म्हणजे अॅनिमिया. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. थायरॉइड आणि बी-12 बद्दलही डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे मन सतत उदास असेल, तर मात्र खाण्यापिण्याचे प्रयोग करत बसू नका. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, तर ती दूध किंवा कॉफीबरोबर नको, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. शौचाचा रंग काळपट होईल, त्याने घाबरू नये. पोटात मळमळले तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. ते मात्रा किंवा वेळ बदलून देतात. आणि हिमोग्लोबिन वर आले तरी साठा भरण्यासाठी गोळ्या पुढे आणखी काही महिने चालू ठेवाव्या लागतात.