नवी कार ५ टक्के व्याजाने: ऑफर खरंच फायद्याची आहे का? सही करण्याआधी मांडा हे गणित

दसरा, दिवाळी पाडवा किंवा गुढीपाडवा जवळ आला की कार शोरूमच्या काचेवर मोठ्या अक्षरांत व्याजदर झळकू लागतात. बँक ९ टक्के सांगत असताना शोरूममध्ये ५ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर निर्णय सोपा वाटतो. पण कार घेताना खिशातून जाणारी रक्कम एकट्या व्याजदरावर ठरत नाही. ही ऑफर कधी फायद्याची आणि कधी नाही, ते पाहू.

व्याज कमी कसे होते?

बँक किंवा वित्त कंपनी पैसे तोट्यात देत नाही. व्याजातील फरक बहुतेक वेळा कार कंपनी किंवा विक्रेता भरून देतो. विक्री वाढवण्यासाठी कंपनीने प्रत्येक गाडीमागे ठराविक रक्कम बाजूला ठेवलेली असते. ती ग्राहकाला थेट सूट म्हणून देता येते किंवा व्याज कमी करण्यासाठी वापरता येते. म्हणूनच अनेक ऑफरमध्ये 'कमी व्याज किंवा रोख सूट' असा पर्याय असतो. कमी व्याज घेतले की सूट हातची जाते.

त्यामुळे शोरूममध्ये पहिला प्रश्न असा विचारावा: 'हे कर्ज घेतले नाही, तर गाडीची किंमत किती कमी होईल?'

सूट की कमी व्याज?

समजा, गाडीची ऑन-रोड किंमत १० लाख रुपये आहे आणि ग्राहक २ लाख रुपये डाउन पेमेंट करतो आहे. मुदत ३ वर्षांची.

• पर्याय पहिला: सूट नाही. ८ लाखांचे कर्ज ५ टक्क्यांनी. हप्ता सुमारे २३,९७७ रुपये. एकूण परतफेड सुमारे ८.६३ लाख.

• पर्याय दुसरा: ५० हजारांची सूट. बँकेकडून ७.५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी. हप्ता सुमारे २३,८५० रुपये. एकूण परतफेड सुमारे ८.५९ लाख.

म्हणजे व्याजदर जवळपास दुप्पट असूनही दुसरा पर्याय साडेचार हजारांनी स्वस्त पडतो. हीच सूट ३० हजारांची असती, तर मात्र ५ टक्क्यांचे कर्ज सुमारे १८ हजारांनी स्वस्त ठरले असते. या उदाहरणात दोन्ही पर्याय साधारण ४६ हजारांच्या सुटीवर सारखे होतात. मुदत आणि डाउन पेमेंट सारखे ठेवून दोन्ही हप्त्यांची तुलना केली की उत्तर मिळते. त्यासाठी मोबाइलवरील ईएमआय कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

'फ्लॅट' शब्द दिसला तर?

खरी गफलत इथे होते. बँका सहसा घटत्या शिलकीवर व्याज सांगतात. हप्ते भरत गेले की मुद्दल कमी होते आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागते. फ्लॅट दरात मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज मोजले जाते.

८ लाखांचे कर्ज, ५ वर्षे, ६ टक्के फ्लॅट. व्याज होते २.४० लाख आणि हप्ता १७,३३३ रुपये. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सुमारे १०.८५ टक्के आहे. तेच कर्ज बँकेकडून ९ टक्के घटत्या शिलकीने घेतले, तर हप्ता सुमारे १६,६०७ रुपये बसतो. 'सहा टक्के' वाले कर्ज पाच वर्षांत साडेत्रेचाळीस हजारांनी महाग पडले.

'शून्य टक्के' या शब्दांबाबतही हीच सावधगिरी हवी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सुटीत दडलेले असते.

हप्ता कमी, पण मुदत?

'हप्ता बसत नाही' म्हटले की सात वर्षांची मुदत सुचवली जाते. ८ लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे १.९६ लाख व्याज जाते, तर सात वर्षांत सुमारे २.८१ लाख. महिन्याला ३,७०० रुपये वाचवण्यासाठी ८५ हजार रुपये जास्त मोजावे लागतात. शिवाय कमी व्याजाची ऑफर अनेकदा ठराविक मॉडेल, ठराविक रक्कम आणि कमी मुदतीपुरतीच असते. मुदत वाढवली की दरही बदलू शकतो.

हातात रोख असेल तर?

पैसे एफडीत ठेवून ५ टक्क्यांचे कर्ज घ्यावे, असा सल्ला मिळतो. पण ६.५ टक्क्यांच्या एफडीवर ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हाती साडेचार टक्क्यांच्या आसपासच उरतात. त्यात रोख सूटही गेली, तर हा व्यवहार तोट्याचाच.

सही करण्याआधी काय मागावे?

१. की फॅक्ट स्टेटमेंट: १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, दिलेला असतो. दोन कर्जांची तुलना याच आकड्यावर करावी. हे पत्रक ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असावे, असा नियम आहे.

२. विचार करायला वेळ: पत्रकातील कर्जाच्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. 'आजच सही करा' या घाईला हे उत्तर आहे. मात्र विक्रेत्याची सूट यात येत नाही. तिची तारीख वेगळी लिहून घ्यावी.

३. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क: कारकर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचे असते. त्यावर असे शुल्क लागू शकते.

४. विमा: शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. बाहेरचे कोटेशन जवळ ठेवावे. व्याजात वाचलेले पैसे अनेकदा इथे किंवा ॲक्सेसरीजमध्ये निघून जातात.

मग निर्णय काय?

दर घटत्या शिलकीवर असेल, सोडावी लागणारी सूट कमी असेल आणि मुदत झेपणारी असेल, तर कमी व्याजाची ऑफर जरूर घ्यावी. यातले एक जरी बिघडले, तरी गणित पुन्हा मांडावे. डाउन पेमेंट, सर्व हप्ते आणि सर्व शुल्क यांची बेरीज ही गाडीची खरी किंमत. विक्रेत्याने ती बेरीज कागदावर लिहून द्यायला टाळाटाळ केली, तर ग्राहकाने दुसऱ्या शोरूमची वाट धरावी. मुहूर्त पुढच्या सणालाही मिळतो, पण सही केलेला हप्ता पाच वर्षे दर महिन्याला पगारातून जात राहतो.