वाघिणीची आठ बेअरिंगे

चंद्रपुरात वाघीण म्हटले की पाहुणे ताडोबाकडे पाहतात. बल्लारशाच्या माणसाला आधी मालगाडी आठवते. कोळशाच्या वाघिणीला चार आस, आठ बेअरिंगे. ५८ वाघिणींच्या गाडीला ४६४. त्यांतले एक तापले तरी अख्खी गाडी थांबते. सूरजागडचे लोहखनिज आणि वडसा-गडचिरोली लोहमार्गाचे काम पाहता, या जड पेट्यांची ये-जा इकडे वाढेल.

पण पेटीवर लिहायचे काय? करवर्गवारीत आस ८६०७ मध्ये, रोलर बेअरिंग ८४८२ मध्ये. मग ते रेल्वेचे का असेना! १ ऑक्टोबर २०२१ पूर्वी ८६०७ वर १२ टक्के जीएसटी होता, बेअरिंगवर जास्त. 'रेल्वेचे सुटे भाग' असे मोघम लिहिण्याचा मोह का व्हायचा, हे निराळे सांगायला नको. आता दोन्हींवर १८ टक्के आहेत.

बांधणीची गोष्ट याहून नाजूक. गंजरोधक तेल, ओल न शिरणारे वेष्टन, लाकडी पेटी, एवढ्याने भागत नाही. बेअरिंग न फिरता नुसते हादरत राहिले तर रोलरचे वळ कड्यावर उमटतात. म्हणून ते पेटीत घट्ट बसलेले हवे.

बँकेत असताना रेल्वे पावतीवर आम्ही कर्ज देत असू. पावतीवर 'अमुक माल असल्याचे सांगितले' एवढेच. पेटी कोणी उघडलेली नसे. एका लहान कारखानदाराचा माल पावसाळ्यात गंजून पोचला. त्याच्याच माणसाने पाठवणीच्या अर्जावर 'बांधणी सदोष' अशी नोंद करून सही केली होती. अशी नोंद असली की १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ९८ व्या कलमाप्रमाणे रेल्वेचा हलगर्जीपणा मालवाल्यानेच सिद्ध करायचा. ते त्याला जमले नाही. कर्जाचे हप्ते तो पुढे दोन वर्षे भरत होता.